बाबांच्या डब्याची बॅटरी

आमच्याकडे बॅटरी म्हणजे टॉर्च. अंधारात गोठ्याकडे जाताना हातात धरायची ती. त्यामुळे महाडच्या बाजारात पहिल्याच दुकानात शिरून मी "मोठी बॅटरी दाखवा" म्हटलं, तेव्हा दुकानदारानं काचेच्या कपाटातून हातभर लांब टॉर्च काढली, सेल भरले आणि माझ्या डोळ्यांवर झोत मारून दाखवला. "अहो, राहायच्या जागेत चालेल अशी हवी," मी म्हटलं. "मग दोन घ्या," तो म्हणाला. तिथून माझी जी चिडचिड सुरू झाली, ती पुढे काही वर्षं थांबली नाही.

मी शाळेत भूगोल शिकवत होते. बॅटरीशी माझा संबंध भिंतीवरच्या घड्याळातल्या सेलपुरता. ही वेळ माझ्यावर आणली ती बाबांनी.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. सगळी नोकरी घाट चढण्या-उतरण्यात गेली. निवृत्त झाले, मग आई गेली आणि ते महाडला माझ्याकडे राहायला आले. आले त्या दिवसापासून एकच धोशा, गावाला जायचं आणि आपल्या जागेत झोपायचं. गाव पोलादपूर तालुक्यात, कापड्याच्या पुढे, आंबेनळी घाटाच्या वाटेला. आपली जागा म्हणजे काय, तर पडून गेलेल्या घराचं जोतं आणि त्यावर माजलेलं गवत. ती जागा बाबा आणि त्यांचे एक चुलत भाऊ, म्हणजे माझे काका, यांच्यात सामायिक. वाटणी झालेली नव्हती, आणि व्हायची चिन्हंही नव्हती. भांडण कशावरून? बाबांनी घर बांधलं तर त्याच्या पागोळ्यांचं पाणी कुणाच्या बाजूला पडणार, यावरून. न बांधलेल्या घराच्या, न पडलेल्या पाण्यावरून हे दोघे पिकल्या केसांचे पुरुष वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. काकांची सही मिळाल्याशिवाय घर बांधता येत नव्हतं आणि विजेचा मीटरही मिळत नव्हता. विजेचा खांब काकांच्या अंगणात, आमच्या जोत्यापासून हाकेच्या अंतरावर.

मग घाटात रस्त्याचं काम संपवून निघालेल्या एका ठेकेदाराकडून बाबांनी त्याची साइटवरची खोली उचलली. पत्र्याची, चाकांवरची, आत एक बाक, एक फळी आणि जाळीची खिडकी. ट्रॅक्टरच्या मागे जोडून ती वरात गावात नेली आणि नेमकी जोत्यावर उभी केली. "घर बांधायला हरकत हाय ना? मी कुठं बांधलंय?" बाबा म्हणाले. काका तडक तलाठ्याकडे गेले. चाकं असलेल्या वस्तूला घर म्हणता येत नाही, असं ऐकून परत आले. गावानं त्या वस्तूचं नाव डबा ठेवलं.

डब्याच्या एका बाजूला ठेकेदाराची जुनी अक्षरं तशीच होती, 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत'. ती बाजू आली काकांच्या दाराकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी काका अंगणातूनच ओरडले, "टोमणे मारतोस काय रे?" बाबांनी ती अक्षरं पहिल्यांदा तेव्हाच नीट वाचली आणि त्यांना इतका आनंद झाला, की मी रंग घेऊन गेले तरी मला पुसू दिली नाहीत.

इथवर मला हसू येत होतं. पण बाबांना दमा होता. थंडीत, धुळीत, गवताच्या वासानं त्यांना दम लागायचा आणि बोलता बोलता ते मधेच खिडकीचे गज धरून उभे राहायचे. महाडच्या डॉक्टरांनी वाफेचं मशीन दिलं होतं. औषध घालायचं, तोंडावर मास्क लावायचा, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा आणि मधे लागेल तेव्हा. गावाला राहण्याचं विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पावसाळ्यात नाही. एरवी मशीन चालणार असेल तर राहा. नसेल तर महाडला गुपचूप मुलीकडे." म्हणजे बाबांचं गाव आता एका बॅटरीवर ठरणार होतं. ती चालली तर आपली जागा, नाही तर माझ्या दोन खोल्या आणि त्यांचं ते गज धरून रस्त्याकडे बघत बसणं. ते बघणं मला सोसायचं नाही, म्हणून मी बॅटरीच्या मागे लागले.

आणि मग सगळं महाड माझ्या मागे लागलं. हायवेवरचं गाव. इथं ज्याच्या घरी ट्रक नाही त्याच्या शेजाऱ्याच्या घरी आहे. प्रत्येकाला बॅटरीतलं कळत होतं आणि प्रत्येकाच्या मते ट्रकची बॅटरी म्हणजे शेवटचा शब्द. बाबा तर त्यांचे पुढारी. "अगो, अख्खं इंजिन उठवते ती, थंडीत, घाटात. तुझं एवढंसं मशीन उठवणार नाय?"

एकटे आमचे शेजारी चाचा वेगळं बोलत होते. चाचा कित्येक वर्षं आखातात ट्रेलर चालवून परत आले होते आणि तिकडच्या गोष्टी सांगायला त्यांना निमित्त लागत नसे. "तिकडं शेख लोक वाळवंटात जातात ना, असाच डबा गाडीच्या मागं लावून. आठ-आठ दिस राहतात. फ्रिज चालतो, पंखा चालतो. त्यांची गाडीची बॅटरी वेगली, घराची बॅटरी वेगली. डीप सायकल बोलतात तिला."

"पण फरक काय चाचा?"

"ट्रकची बॅटरी एक जोराचा धक्का मारते नि बसते. तिच्यात ताकद हाय, दम नाय. तुला दमाची पाहिजे."

हे मला पटलं. दमाच्या माणसाला दमाची बॅटरी. मी हायवेवरच्या बॅटरीच्या दुकानात गेले आणि डीप सायकल मागितली. दुकानदारानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. "बाई, सायकलला बॅटरी नसते. डायनॅमो असतो." मी समजावून सांगू लागले, तेवढ्यात बाहेर स्कूटरवर बसलेले बाबा आत आले. त्या दुकानदाराचे वडील बाबांच्या गाडीनं शाळेत जायचे, असं निघालं. चहा आला. चहाबरोबर ट्रकची बॅटरी आली. मी बोलत होते आणि ते दोघे आंबेनळीतल्या वळणांबद्दल बोलत होते. ट्रकची बॅटरी आणि एक इन्व्हर्टर रिक्षात चढले तेव्हा माझं वाक्य अजून अर्धंच होतं.

ती बॅटरी किती टिकली, ते विचारू नका. पहिल्यांदा मशीन झोकात चाललं. बाबा मास्कच्या आतून माझ्याकडे विजयी नजरेनं बघत होते. पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी वर गेले, तर इन्व्हर्टर कुईकुई ओरडत होता, मशीन अर्धवट धापा टाकत होतं आणि बाबा त्याच्यासमोर तसेच धापा टाकत होते. बॅटरी बसली होती. खाली नेऊन चार्जिंगला लावली, वर आणली, पुन्हा बसली. असं दोन-तीनदा झाल्यावर मी तिची झाकणं उघडून बघितली. आतलं पाणी मला गढूळ वाटलं.

"बाबा, हे पाणी कुठलं?"

"झऱ्याचं."

"बॅटरीत झऱ्याचं पाणी घातलंत? तिला बाटलीतलं पाणी लागतं, दुकानात मिळतं ते. क्षार नसलेलं, शुद्ध!"

"आपल्या झऱ्याहून शुद्ध पाणी दाखव मला महाडात," बाबा म्हणाले. ते खरोखर दुखावले होते. "मुंबईवाले बाटल्या भरून नेतात."

मी भूगोल शिकवते. डोंगरातून झिरपताना पाणी खडकातले क्षार घेऊन येतं, हे मी दरवर्षी फळ्यावर काढते. मी ते सगळं तिथं जोत्यावर उभं राहून सांगितलं. बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, डोंगराकडे बघत मान हलवली आणि म्हणाले, "तरी पण गोड हाय." मला वाटलं, ती बॅटरी उचलून झऱ्यातच टाकावी.

दुसऱ्या वेळी मी बाबांना नेलंच नाही. चाचांना नेलं. चाचांनी दुकानदाराला वाळवंट, शेख आणि फ्रिज यांची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. दुकानदार ऐकता ऐकता एकदम म्हणाला, "म्हणजे इन्व्हर्टरची जाड प्लेटांची बॅटरी म्हणा ना! ती तर मागच्या खोलीत पडलीय." ही वस्तू त्याच्याकडे होतीच. नावच वेगळं होतं, एवढ्यासाठी मी उन्हातान्हात हिंडले होते. ती बॅटरी ट्रकच्या बॅटरीहून उंच आणि जड होती. इंजिनाला एकदम धक्का द्यायचं तिचं काम नव्हतं. हळूहळू, पुष्कळ वेळ देत राहायचं हे तिचं काम. मी मशीन किती वेळ चालणार, दिवा किती वेळ, छोटा पंखा किती, असा सगळा हिशेब करून घेतला. एका माणसाला आरामात पुरेल, शनिवारी ती खाली आणून भरलेली वर न्यायची, असं ठरलं.

आणि पुरली. तो हिवाळा बाबांनी गावात काढला. मी दर शनिवारी शुद्ध पाण्याच्या बाटल्या, औषधं आणि भाजी घेऊन वर जायचे. बॅटरी जीपमध्ये घालून पोलादपूरला चार्जिंगला न्यायची, दुसऱ्या दिवशी परत आणायची. जीपवाला दर वेळी नवीन कटकट करायचा, ॲसिड सांडेल, सीट जळेल, एखाद्या म्हातारीच्या पायावर पडेल. जीप निघायची काकांच्या घरासमोरून. तिथं भिंतीवर मीटर गरागरा फिरत असायचा आणि मी मांडीला मांडी लावून बॅटरीशेजारी बसून दोन तासांची यातायात करायला निघालेली असायचे. "एक तार टाकायची विनंती करा ना काकांना," मी म्हणायचे. "मी नाय मागणार," बाबा. "मग मी मागते." "तू पण नाय." ह्या घरात कुणाला काही सांगायची सोय नव्हती.

पण बाबा खूश होते. सकाळी मशीन घ्यायचे, मग डब्याच्या पायरीवर ऊन खात बसायचे. त्यांचं म्हणणं, इथं दमच लागत नाही. शास्त्रानं पाहिलं तर महाडपेक्षा तिथं गवत जास्त, धूर जास्त, थंडी जास्त. पण त्यांचा चेहरा उतरलेला नसायचा, हे मलाही दिसत होतं.

पुढच्या थंडीत भारनियमन वाढलं. गावात संध्याकाळी वीज गेली की बराच वेळ यायची नाही. आमच्या डब्याला त्याचं काय! सगळा गाव अंधारात आणि डब्यात दिवा. मला त्याचा थोडा आनंदही व्हायचा, खोटं कशाला बोलू.

आणि नेमकी तेव्हाच बॅटरी बसायला लागली. शनिवारी जावं तर इन्व्हर्टर ओरडतोय. आधी मी बाबांना धरलं. "इन्व्हर्टर चालू ठेवून झोपता. तो रिकामाही बॅटरी खातो." "बंद करतो गो." "झऱ्याचं पाणी?" "तुझ्याच बाटलीतलं." मी नाकानं वास घेतला, झाकणं उघडून बघितली, खरंच बाटलीतलं होतं. मग दुकानदाराशी भांडले. त्यानं बॅटरी तपासली आणि म्हणाला, बॅटरी ठणठणीत आहे, तुमच्याकडे लोड जास्त आहे. "लोड कसला? एक म्हातारा माणूस आहे!" मी ओरडले. चाचा म्हणाले, वायर कुठं तरी खात असेल. मी वायरमनला घेऊन वर गेले. त्यानं सगळं उकलून बघितलं आणि परत जोडून दिलं. दोष सापडेना. बाबा ह्या सगळ्यात इतके शांत, इतके समजूतदार, की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

एका शनिवारी शाळा लवकर सुटली आणि मी नेहमीपेक्षा आधी पोहोचले. बाबा झऱ्यावर गेले होते. खिडकीच्या जाळीला धुतलेला मास्क वाळत लावला होता. त्याच्या शेजारी आणखी एक मास्क वाळत होता. तो मीच आणून दिला होता, जुना फाटला असं बाबांनी सांगितलं म्हणून. जुना तर चांगला धडधाकट होता.

बाबा आले. मी बोट दाखवलं. ते पायरीवर बसले आणि चप्पल काढायला नको तेवढा वेळ लावला.

"तो येतो," ते म्हणाले. "लाइट गेली की. त्याला पण लागतो दम. माझ्याहून जास्त."

"कोण येतो?"

बाबांनी हनुवटीनं काकांच्या घराकडे दाखवलं.

मला भयंकर राग आला. ह्या माणसाच्या एका सहीसाठी बाबा पत्र्याच्या डब्यात राहत होते. त्याच्या दारातल्या खांबावरून तार मिळत नव्हती म्हणून मी जीपमध्ये ॲसिड मांडीशी घेऊन घाट फिरत होते. मी एका माणसाच्या श्वासाचा हिशेब घातला होता, आणि बाबा त्यातला अर्धा उचलून त्यालाच देत होते. आणि माझ्यापासून लपवत होते, दुकानदाराशी मला भांडायला लावत होते!

"सही मागितलीत?" मी विचारलं.

"कधी?"

"तो इथं बसून वाफ घेत असतो तेव्हा! एवढे दिवस येतोय, एकदा तरी विचारलंत?"

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मी काहीतरी घाण बोलले असावे, असं. "तोंडावर मास्क असतो गो त्याच्या," ते म्हणाले. "दम लागलेल्या माणसाला काय विचारायचं? तो येतो, घेतो, जातो. आमी बोलत नाय."

ते खरंच बोलत नव्हते. त्या संध्याकाळी मी पाहिलं. वीज गेली. काका काठी टेकत आले, माझ्याकडे न बघता बाकावर बसले. बाबांनी औषध घातलं, मास्क त्यांच्या हातात दिला, बटण दाबलं आणि तोंड फिरवून दाराकडे बसले. मशीन घरघरत होतं. त्या उजेडात दोघांची पाठ मला सारखीच दिसली, तसाच खांदा वर उचलून श्वास घ्यायची रीत. जागेची वाटणी झाली नव्हती, तशी दम्याचीही झाली नव्हती. मी बाहेर येऊन उभी राहिले. मला रडू येत होतं आणि त्याचाही राग येत होता.

पुढच्या शनिवारी मी चडफडत दुसरी बॅटरी घेऊन गेले. बघते तर काकांच्या पडवीतून एक तार निघून आमच्या खिडकीतून आत आली होती आणि तिच्या टोकाला चार्जर. काका अंगणात उभे होते. "माज्यासाठी टाकलीय," मी काही विचारायच्या आत ते म्हणाले. "दम मला पण लागतो. सहीचं काय बोलायचं नाय."

"मी कुठं बोलतोय?" डब्यातून बाबा म्हणाले. कित्येक वर्षांत त्यांनी एकमेकांशी न ओरडता बोललेलं, माझ्या कानांवर पडलेलं हे पहिलं वाक्य.

त्यानंतर बॅटरी घेऊन जीपनं जायची माझी फेरी संपली. दोन हिवाळे गेले. मग एका पावसाळ्यात महाडला बाबांना दवाखान्यात न्यावं लागलं. तिथं वीज होती, मशीन होतं, सगळं होतं. दम मात्र पुरला नाही.

दसऱ्यानंतर मी ट्रॅक्टर घेऊन डबा आणायला वर गेले. जोत्यावर एकटा तो डबा ठेवून करायचं काय? भंगारवाल्याशी बोलणंही झालं होतं. पोहोचले तर दार उघडं आणि आत काका बसलेले. तोंडाला मास्क, मशीन चालू. काकी मला बाजूला घेऊन वैतागून म्हणाल्या, "मुंबईच्या पोरानं घरी मशीन आणून दिलंय, इन्व्हर्टर बसवलाय. तरी हे रोज हितं येऊन बसतात. घरी घ्या बोलले तर नाय."

"का हो काका?"

काकांनी मास्क खाली केला. "घरी मोकळं होत नाय," ते म्हणाले. "बॅटरी भरून ठेवलीय मी. पाणी पण घातलंय वेळच्या वेळी."

मी बाकाखाली बघितलं. शुद्ध पाण्याच्या बाटल्या मी शेवटच्या आणल्या होत्या तशाच, सीलसकट रांगेत उभ्या होत्या.

"काका, पाणी कुठलं घातलंत?"

"आपल्या झऱ्याचं," काका म्हणाले. "तो बोलायचा, ह्याच्याहून शुद्ध पाणी नाय."

मग मी त्यांना जे काही बोलले! क्षार, खडक, प्लेटा, बाटल्या कशाला आणून ठेवल्या होत्या, कुणी काही ऐकायचंच नाही असं ठरवलंय का ह्या घराण्यानं. काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, डोंगराकडे बघत मान हलवली आणि मास्क परत तोंडाला लावला. इन्व्हर्टर कुईकुई करायला लागला होता.

ट्रॅक्टरवाला बाहेरून ओरडला, "ताई, जोडू काय?"

"नको," मी म्हटलं. "रिकामाच चल. मला पोलादपूरला सोड, बॅटरी घ्यायची आहे."

"कसली, ट्रॅक्टरची असते तसली?"

"नाही रे," मी म्हटलं. "घराची."